जसे यंत्र, तसे चित्र : वेबवरील चित्रे उपकरणाच्या ताकदीप्रमाणे बेतण्याचा इतिहास

वेबच्या पानावरचे चित्र वाचकाच्या हातातील यंत्रावर घडते. सर्व्हरकडून येतात ते आकडे; त्यांचे रंगीत ठिपके करण्याचे काम वाचकाच्या प्रोसेसरला, रॅमला, ग्राफिक्स चिपला आणि पडद्याला करावे लागते. त्यामुळे छापील पुस्तकातले चित्र सर्व वाचकांना सारखेच मिळते, वेबवरचे मात्र ज्याच्या त्याच्या यंत्राप्रमाणे मिळते. पुण्यातल्या नव्या लॅपटॉपवर क्षणात उघडणारा त्रिमित नकाशा बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात, काही वर्षे वापरलेल्या स्वस्त मोबाइलवर, अर्धवट रंगून थांबतो. फोन तापतो, हँग होतो आणि शेवटी ब्राउझर बंद पडतो. समोरच्या यंत्राला काय पेलेल हे ओळखून त्याला झेपेल अशा रूपात चित्र देण्याचे कसब या अडचणीतून घडत गेले.

सिरसाळा हे परळी तालुक्यातील, बीड–परळी रस्त्यावरचे गाव. भोवतालचा परिसर कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा भागात बहुतेक घरांत संगणक म्हणजे मोबाइलच. नवा फोन कमावत्या माणसाकडे, त्याचा जुना फोन घरातल्या दुसऱ्याकडे, काच तडकलेला तिसऱ्याकडे अशी यंत्रे हातोहात फिरतात. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, निकाल, बाजारभाव ही सारी कामे याच पडद्यांवर होतात. वेबच्या पानाची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते, आणि या कसबाच्या इतिहासातले महत्त्वाचे टप्पेही दुबळ्या यंत्रांवरच्या वाचकांसाठीच घडले. मराठी वाचक त्यात पहिल्यापासून आहे, कारण त्याच्यासाठी चित्राच्या आधी अक्षरच यंत्राला जड जात होते.

वेबपूर्वीची मुळे

यंत्राचे काम वाचवण्याची मूळ कल्पना संगणकचित्रणात वेबच्या कितीतरी आधी आली. जेम्स क्लार्क यांनी १९७६ साली मांडलेल्या एका शोधनिबंधात असे दाखवले, की एकाच वस्तूची कमीअधिक तपशिलाची अनेक रूपे जवळ ठेवावीत आणि वस्तू पडद्यावर जितकी लहान दिसेल तितके साधे रूप काढावे. दूरच्या डोंगरावरचा प्रत्येक दगड रेखाटण्यात यंत्राची शक्ती वाया जाते, कारण तो दगड पाहणाऱ्याच्या नजरेस पडतच नाही. लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली हेच तत्त्व पृष्ठभागावरच्या नक्षीला लावले : एकाच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती आधीच तयार ठेवायच्या आणि लागेल ती वापरायची. पुढे याच क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढली आणि १९९४ साली नेटस्केप या वेब-ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या स्थापनेतही त्यांचा वाटा राहिला. त्रिमित चित्रण आणि वेब या दोन्ही प्रवाहांच्या उगमाशी हे एकच नाव आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. १९८० च्या दशकातील वैयक्तिक संगणकाचा मजकुराचा पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा होता. सीजीए प्रकारच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट येई. रोमन अक्षर तेवढ्यात बसते. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असा देवनागरीचा तीन मजली आकार त्या चौकटीत मावत नाही. शिवाय कोणते व्यंजन कोणाला जोडायचे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी कशी काढायची, हा हिशेबही तेव्हाच्या संगणकाला झेपणारा नव्हता. आयआयटी कानपूरमध्ये या प्रश्नावर काम सुरू झाले. १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तेथे आले आणि त्यातून जिस्ट कार्ड वापरात आले. संगणकाच्या आतल्या खाचेत हे कार्ड बसवले, की अक्षरे जोडून पडद्यावर काढण्याचा भार ते उचले आणि रोमनसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रणालींतही देवनागरी दिसू लागे. यंत्र कमी पडत असेल तर चित्र काढण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवायचे, हा मार्ग येथे प्रथम रुळला. पुढच्या काळात तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडला.

पहिली वेबपाने : सर्वांत दुबळ्याला धरून

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत मिळणाऱ्या शेल खात्यावर फक्त अक्षरे दिसत. चित्रांसह वेब पाहायचे तर त्यासाठीचे खाते कितीतरी महाग होते. त्यामुळे भारतातल्या पहिल्या वेबवाचकांतील अनेकांनी चित्राविनाच वेब पाहिली. चित्राच्या जागी त्याचे वर्णन करणारा मजकूर ठेवण्याची सोय एचटीएमएलमध्ये होती. जो लेखक ती वापरी, त्याचे पान या वाचकांना निदान कळत असे.

ज्यांना चित्रे दिसत त्यांच्या पडद्यांवरही एका वेळी २५६ च रंग मावत. त्यातले काही रंग विंडोज आणि मॅकिंटॉश या प्रणाली स्वतःसाठी राखून ठेवत. म्हणून लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी सहा छटा घेऊन ६ × ६ × ६ अशा २१६ ‘सुरक्षित’ रंगांचा संच ठरला. त्याबाहेरचा रंग वापरला तर दुबळ्या पडद्यावर तो ठिपक्याठिपक्यांचा दिसे. १९८७ साली आलेल्या जिफ प्रकारात चित्र टप्प्याटप्प्याने उमटवण्याची सोय होती. १९९६ च्या पीएनजीमध्ये ती सात फेऱ्यांची झाली. पहिल्या फेरीत चित्राच्या चौसष्टाव्या भागाएवढेच ठिपके येतात आणि तेवढ्यावरही चित्राचा अंदाज लागतो. छायाचित्रांसाठी १९९२ च्या जेपेगमध्ये आधी धूसर आणि मग हळूहळू स्पष्ट होणारा प्रकार होता. नेटस्केपने तर आधी दाखवायचे हलके चित्र आणि नंतर त्या जागी येणारे भारी चित्र अशी दोन नावे एकाच खुणेत देण्याची सोय केली.

या साऱ्या युक्त्यांत वेबलेखक समोरचे यंत्र पाहत नव्हता. सर्वांत दुबळे यंत्र मनात धरून तो पान बेतत होता. अपवाद होता तो फ्लॅशचा. १९९६ साली जन्मलेल्या, हालती चित्रे दाखवणाऱ्या या साधनात चित्राच्या दर्जासाठी ‘ऑटोहाय’ आणि ‘ऑटोलो’ असे पर्याय आले. चित्रपट्टी चालू असताना फ्लॅश स्वतःच वेग मोजी. यंत्र मागे पडू लागले की रेषांच्या कडा गुळगुळीत करण्याचे खर्चिक काम थांबवी आणि उसंत मिळाली की पुन्हा सुरू करी. यंत्राला प्रश्न न विचारता त्याचे काम पाहून ठरवण्याची ही पद्धत पुढे या कसबाचा कणा ठरली.

मराठी पानांची अडचण याहून मूलभूत होती. वाचकाच्या संगणकात देवनागरी टंकच नसे. काहींनी मजकुराचे चित्र करून ते पानावर लावले; ते सर्वत्र दिसे, पण जड होई आणि त्यात शब्द शोधता येत नसे. १९९७ साली नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या ब्राउझरांत पानाबरोबर टंक पाठवण्याची सोय आली, पण दोघांचे प्रकार वेगळे होते. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी असे ‘डायनॅमिक फाँट’ वर्षानुवर्षे वापरले. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा आली. त्यासोबतचा ‘मंगल’ हा टंक अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. मराठी अक्षर काढण्याचे काम त्यानंतर यंत्राच्या अंगवळणी पडले, पण ते नव्या संगणकांवर. जुने संगणक बराच काळ चौकोनी डबेच दाखवत राहिले.

वारणा : संगणकाकडून मोबाइलकडे

ग्रामीण महाराष्ट्रात यंत्राची निवड किती निर्णायक ठरते, याचा धडा वारणेने दिला. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणानगर परिसराच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊसतोडीची पाळी, उसाचे वजन, खताची उचल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू होता. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले तेव्हा केंद्रांतील संगणकांचा मुख्य उपयोग थोडक्या आकड्यांच्या देवाणघेवाणीपुरताच उरला होता; त्यासाठी जुने होत चाललेले संगणक, त्यांची दुरुस्ती आणि वीज सांभाळावी लागत होती. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गटाने सात गावांत आठ महिने प्रयोग करून संगणकाच्या जागी मोबाइल ठेवला आणि तीच माहिती लघुसंदेशाने पोहोचवली. ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने तो अभ्यास प्रसिद्ध आहे. गरजेपुरती माहिती आणि तिला पुरेसे असे हलके यंत्र यांचा मेळ बसला, की काम स्वस्त होते आणि टिकतेही, हे त्यातून दिसले.

मराठवाड्यात विजेचा प्रश्न याहून बिकट होता. परळीत १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र असूनही भारनियमनाच्या वर्षांत भोवतालची गावे तासन् तास अंधारात राहत. टेबलावरचा संगणक अशा वेळी निरुपयोगी ठरे. बॅटरीवरचा फोन चालू राहत असे. सिरसाळ्यासारख्या गावांत वेब मोबाइलवरून पोहोचली, त्यामागे स्वस्ताईइतकेच विजेचेही कारण होते.

छोट्या पडद्याचा काळ

मोबाइलवरची पहिली वेब वॅप या नावाने १९९० च्या दशकाअखेर आली. तिच्यातले चित्र फक्त काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांचे होते. मग रंगीत पडदे आले आणि प्रत्येक हँडसेटचे माप, रंग, मेमरी निराळी निघाली. या गोंधळावर उपाय म्हणून २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत वर्फल ही उपकरणांची सूची तयार झाली. फोन सर्व्हरकडे पान मागताना आपले नाव सांगतो. ते नाव सूचीत शोधून त्याच्या पडद्याचे माप पाहायचे आणि त्या मापाचे चित्र पाठवायचे, अशी ही पद्धत. सूची कितीही मोठी केली तरी बाजारात रोज येणाऱ्या नव्या हँडसेटच्या ती मागेच राही, हा तिचा कायमचा दोष होता.

नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने २००५ साली आणलेल्या ऑपेरा मिनीने जिस्ट कार्डचा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. पान उघडण्याचे, मांडण्याचे आणि चित्रे लहान करण्याचे काम कंपनीच्या सर्व्हरवर होई. फोनला मिळे ती तयार, दाबून बसवलेली प्रत, मूळ पानाच्या दहाव्या हिश्श्याएवढीही लहान होऊ शकणारी. काही शे रुपयांच्या रिचार्जवर महिना काढणाऱ्या वाचकासाठी ही बचत मोठी होती. मराठी वाचकासाठी त्यात आणखी एक अनमोल सोय दडलेली होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे टंकून उघडणाऱ्या पानावर, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप अक्षरे वापरण्याचा पर्याय ‘यस’ करता येई. तो केला, की देवनागरी मजकूर सर्व्हरवर चित्ररूप होऊन फोनवर येई. ज्या हँडसेटमध्ये मराठीचा टंकही नव्हता, त्यावर मराठी बातम्या आणि लेख वाचता येऊ लागले. डेटा थोडा जास्त लागे, पण डब्यांच्या जागी शब्द दिसत. ही युक्ती गावोगावच्या तरुणांनी एकमेकांना शिकवली. मूळ अँड्रॉइडमध्ये देवनागरी टंक २०११ अखेरच्या ४.० आवृत्तीपासून आला. तोपर्यंत अनेक मराठी वाचकांची वेब या बिटमॅप अक्षरांवर उभी होती.

एकच पान, अनेक मापे

२०१० साली दोन घटना घडल्या. एथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलणाऱ्या पानाची कल्पना मांडली आणि आयफोन ४ ने त्याच मापाच्या पडद्यावर उभे-आडवे दुप्पट, म्हणजे एकूण चौपट ठिपके आणले. दाट पडद्यासाठी मोठे चित्र हवे आणि साध्या पडद्याला ते पाठवले तर वाया जाते, हा पेच त्यातून आला. काही वर्षांच्या चर्चेनंतर २०१४ पासून ब्राउझरांत त्याचे उत्तर रुळले : वेबलेखक एकाच चित्राच्या अनेक मापांच्या प्रतींची यादी देतो आणि पडदा पाहून ब्राउझर त्यातली एक उचलतो. हँडसेटची सूची ठेवण्याची गरज संपली, कारण निवड आता यंत्राच्याच हाती आली. याच काळात वेबपीसारखे, जेपेगपेक्षा कमी जागेत बसणारे चित्रप्रकारही आले.

ही व्यवस्था डाउनलोड वाचवते. मेमरीचा प्रश्न मात्र तिथे संपत नाही. चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचे छायाचित्र फाइल म्हणून दोनतीन एमबीचे असले, तरी पडद्यावर काढण्यासाठी उलगडले की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट याप्रमाणे सुमारे ४८ एमबी रॅम व्यापते. एक जीबी रॅमच्या फोनवर अशी आठदहा छायाचित्रे एका पानावर आली, की ब्राउझर बंद पडण्याला दुसरे कारण लागत नाही. म्हणून प्रत्यक्ष दिसेल त्याच मापाची प्रत पाठवणे आणि वाचक खाली सरकेल तेव्हाच पुढची चित्रे मागवणे, ही शिस्त हळूहळू नियम बनली. टंकालाही तोच नियम लागला. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते. तेव्हा आधी फोनमधल्या टंकात मजकूर दाखवायचा आणि सुबक टंक आल्यावर बदलायचा, ही रीत मराठी पानांसाठी विशेष उपयोगाची ठरली.

ब्राउझरमधले त्रिमित चित्र

त्रिमित चित्रांची वेबवरची पहिली भाषा, व्हीआरएमएल, १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. क्लार्क यांच्या तपशील-पातळ्यांसाठी तिच्यात स्वतंत्र खूण होती, पण घरगुती संगणक आणि डायल-अप जोडणी यांना ती पेलली नाही. इस्रोने १२ ऑगस्ट २००९ रोजी खुल्या केलेल्या ‘भुवन’ या भारताच्या नकाशासेवेत त्रिमित दृश्यासाठी वेगळे प्लगइन बसवावे लागे. मार्च २०११ मध्ये वेबजीएलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि प्लगइनशिवाय, थेट ब्राउझरमधून ग्राफिक्स चिपला काम सांगता येऊ लागले.

चिप जितकी जवळ आली, तितके तिचे भेदही उघडे पडले. काही चिपांचे ड्रायव्हर इतके सदोष होते, की ब्राउझरांनी त्यांच्या याद्या करून तेथे वेबजीएल बंदच ठेवले. चिप नसेल तेथे तेच काम प्रोसेसरकडून संथपणे करून घेण्याची सोय आली, आणि काम फार संथ होणार असेल तर सुरूच करू नये, असे वेबलेखकाला सांगता येईल असा पर्यायही. गूगल मॅप्सने २०१३ नंतरच्या नव्या रूपात दुबळ्या संगणकांसाठी ‘लाइट’ प्रकार ठेवला : त्रिमित इमारती आणि सरकते दृश्य गळले, पण रस्ता सापडत राहिला. उतरत्या पायरीचा हा चांगला नमुना आहे. नकाशाचे मुख्य काम वाट दाखवणे; ते प्रत्येक यंत्रावर झालेच पाहिजे आणि शोभा यंत्राच्या कुवतीप्रमाणे यावी.

स्वस्त डेटा, स्वस्त फोन

२०१५ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांची नजर भारतातल्या साध्या फोनकडे वळली. फेसबुकने २०१४ साली खुल्या केलेल्या एका साधनात फोनला ‘वर्ष’ देण्याची पद्धत होती : प्रोसेसरचे गाभे, त्यांचा वेग आणि रॅम पाहून हा फोन कोणत्या वर्षी उत्तम ठरला असता ते काढायचे. नुकताच विकत घेतलेला स्वस्त फोन या मोजमापात चारपाच वर्षे जुना निघू शकतो, आणि मग त्याला हालती चित्रे कमी द्यायची हे ठरवता येते. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून एक तास टूजीच्या वेगाने ॲप वापरून पाहण्याची सोय केली. गूगलने त्याच वर्षी भारतात मंद जोडणीवरच्या वाचकांसाठी पाने छाटून देणारी ‘वेब लाइट’ सेवा आणली. ती २०२२ अखेरपर्यंत चालली.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे भाव कोसळले. जोडणीची अडचण कमी झाली, तशी यंत्राची अडचण ठळक झाली. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनला २.४ इंचांचा, ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा आणि ५१२ एमबी रॅम होती; १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर तो मिळे. त्याची कायओएस ही प्रणाली फायरफॉक्सच्या वारशातली, म्हणजे त्यावरची ॲपही वेबच्याच साधनांनी बनलेली. स्पर्शपडदा नसलेला, कळांवर चालणारा हा वेबफोन लाखो घरांत पहिला संगणक ठरला. नव्या स्मार्टफोनसाठी बेतलेली पाने त्याच्यावर कोलमडत.

अशा पार्श्वभूमीवर डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीत यंत्राची रॅम विचारण्याची सोय आली. २०१९ च्या क्रोम डेव्हलपर परिषदेत गूगल आणि फेसबुक यांच्या अभियंत्यांनी या धोरणाला ‘ॲडॅप्टिव्ह लोडिंग’ म्हणून मांडले : सर्वांना हलके मूळ पान द्यायचे आणि रॅम, प्रोसेसर, जोडणी अनुकूल असेल तिथेच वरची भर घालायची. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा हा व्यवहार अभियांत्रिकीत शिरायला वेबच्या जन्मापासून पाव शतकाहून अधिक काळ लागला.

आजची रीत

आज ही जुळवणी तीन पायऱ्यांत होते. पहिली पायरी विचारण्याची : पडद्याचे माप, रॅम, प्रोसेसरचे गाभे, डेटा वाचवण्याची वाचकाने दिलेली सूचना आणि हालचाल कमी ठेवण्याची त्याची इच्छा. यातून सुरुवातीचा दर्जा ठरतो. दुसरी पायरी मोजण्याची. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. काम त्यात बसते की नाही, हे पान चालू असतानाच पाहायचे. तिसरी पायरी बदलण्याची. सर्वांत आधी रेखाटनाचे माप उतरवतात, कारण त्यात फायदा मोठा आणि नुकसान थोडे. ७२० बाय १६०० च्या पडद्यावर साडेअकरा लाख ठिपके आहेत. उभे-आडवे माप निम्मे केले, की चिपला त्यांतले चौथाईच रंगवावे लागतात. त्यानंतर सावल्या, प्रतिबिंबे, धुके जातात, मग आकृतींचा तपशील, आणि शेवटी त्रिमित दृश्याच्या जागी स्थिर चित्र येते. दर्जा उतरवताना त्वरा आणि चढवताना सबुरी ठेवतात, नाहीतर चित्र सतत वरखाली होऊन डोळ्यांना खुपते.

मोजणे एकदा करून भागत नाही. फोन तापला की चिप स्वतःचा वेग कमी करते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या मराठवाड्यात, शेताच्या बांधावर हातात धरलेला फोन पहिल्या मिनिटाला जे पेलतो ते दहाव्या मिनिटाला पेलत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहूनच ॲपमध्ये पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. कॅमेरा, जीपीएस आणि उजळ पडदा एकाच वेळी चालवणारे ते काम स्वस्त फोनची सारी ताकद मागते. सरकारी सेवा बेतणाऱ्यांसाठी यंत्राची मर्यादा हा सौंदर्याचा विषय नाही. नोंद वेळेत होते की नाही, हे तिच्यावर ठरते.

विचारण्यालाही सीमा पडली आहे. यंत्राबद्दलची बारीक माहिती एकत्र केली तर वाचकाची ओळख पटवून त्याचा माग काढता येतो. म्हणून क्रोम रॅमचा नेमका आकडा न देता ठरावीक पायऱ्यांत सांगतो. सफारी आणि फायरफॉक्स तो सांगतच नाहीत. बॅटरीची स्थिती सांगणारी सोय फायरफॉक्सने २०१७ साली वेबपानांसाठी बंद केली. यामुळे विचारण्यापेक्षा मोजण्यावर आणि मुळातच हलके पान देण्यावर भर वाढला आहे.

मे २०२३ मध्ये क्रोमच्या ११३ व्या आवृत्तीबरोबर वेबजीपीयू हे नवे साधन संगणकांवर आले. त्यात चिप आपल्या मर्यादा आधी सांगते आणि वेबलेखकाने त्या पाहून काम मागावे अशी रचनाच आहे. अँड्रॉइडवर ते जानेवारी २०२४ पासून मिळते, तेही अँड्रॉइड १२ किंवा पुढच्या आवृत्तीवर आणि ठरावीक चिपांवर. हातोहात फिरणारे जुने फोन त्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्यासाठी वेबजीएल, त्याखाली साधे चित्र आणि त्याखाली वाचता येणारा मराठी मजकूर ही उतरंड ठेवावीच लागेल. जिस्ट कार्डपासून वेबजीपीयूपर्यंत साधने बदलत गेली; सिरसाळ्यातल्या सर्वांत जुन्या चालू फोनवरही पानाचे मुख्य काम पार पडावे, ही कसोटी मात्र प्रत्येक साधनाला तेवढीच लागू आहे.